कापणाऱ्याचा वाटा

रतिलालने दगड दोन्ही हातांनी मांडीवर ओढून घेतला, वाकला आणि त्याला जीभ लावली. एकदा खाली, मग जरा वर सरकून पुन्हा. तोंडात आलेली माती त्याने डाव्या बाजूला थुंकली. ती नेमकी अभिमनच्या चपलेपुढे पडली. रतिलालने ते मुद्दाम केलं नव्हतं, अभिमनने मात्र पाय मागे घेतला नाही तो मुद्दाम.

“धुऊन तरी घ्यायचा ना, मोठे आबा,” ललित म्हणाला. ललित हा अभिमनचा मुलगा. धुळ्याला हायवेलगत त्याची दगड कापायची नवी शेड होती आणि तिथल्या मशिनी बटणावर चालत. तिथे कोणी दगड चाटत नसे.

“धुतलेला दगड कोणालाही कळतो,” रतिलाल म्हणाला. “न धुतलेला कळला पाहिजे.”

वाक्य झकास होतं. पूर्वी तो हे म्हणायचा तेव्हा ते खरंही होतं. आता नुसतंच म्हणायचा, कारण गेली दोन वर्षं त्याला धुतलेलाही दिसत नव्हता.

दिसत नव्हता म्हणजे अगदीच अंधार नव्हता. नजरेच्या मधोमध एक मळकट डाग येऊन बसला होता, आणि ज्याच्याकडे बघायला जावं ते बरोबर त्या डागाखाली जायचं. कडेकडेचं दिसायचं. म्हणून तो माणसांकडे मान तिरपी करून बघायचा आणि माणसं म्हणायची, म्हातारा माजलाय. डॉक्टरने सांगितलं होतं, पडदा गेला, आता ऑपरेशन नाही की चष्मा नाही. रतिलाल तिथून एकटाच रिक्षा करून मेहरूणला घरी आला आणि नूतनला म्हणाला, “डोळे फर्स्ट क्लास. डॉक्टरच म्हणाला.” नूतन त्याची मुलगी. सहा वर्षांपूर्वी सासर सोडून आली ती इथेच राहिली. तिने बरं म्हटलं आणि चहा टाकला.

“भाऊ, चाटून झालं व्हई तं दोरा बांध,” अभिमन म्हणाला. तो उभाच होता. खुर्ची दिली ती घेतली नव्हती आणि नूतनने पुढे केलेला पाण्याचा तांब्यादेखील हाताने परत सारला होता. शिरपूरहून पहाटे निघालेला माणूस एप्रिलच्या उन्हात सख्ख्या भावाच्या घरचं पाणी नाकारतो, याचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही.

अभिमन आला होता तो चाकासाठी. शेडच्या मधोमध ते उभं होतं. लोखंडी सांगाडा, त्यात तेलात बुडून फिरणारी चकती, आणि दगड पकडायचा शिकंजा. पणजोबा तापीकाठच्या गावांत विहिरी खणायचे. सुरुंग उडाला की बाकीचे पाण्याकडे बघत आणि पणजोबा ढिगाऱ्यातला अकीक, तो आतून पट्ट्यापट्ट्यांचा किमती दगड, वेचत. आजोबांनी हे चाक बसवलं, तेव्हा ते हाताने फिरवायचं होतं. वडिलांनी त्याला मोटर लावली. आणि वडील, हेमराजबाबा, अकरा वर्षांपूर्वी जाताना चार माणसांत सांगून गेले, ज्याची नजर दगडात पोचते, चाक त्याचं. रतिलालची पोचते तोवर रतिलालचं. नंतर अभिमनचं.

अकरा वर्षं अभिमन त्या ‘नंतर’वर डोळा ठेवून होता. ललितला तर हे चाक भंगारात घालायलाही नको होतं. अभिमनला हवं होतं, आणि एवढ्याचसाठी हवं होतं की ते रतिलालकडे होतं. भाऊबंदकीला याहून मोठं कारण लागतही नाही.

फाल्गुनात धुळ्याला एका लग्नात रतिलालने आहेराचं पाकीट नवरदेव समजून फोटोवाल्याच्या हातात दिलं. लोक हसले. रतिलाल म्हणाला, “अख्ख्या मांडवात काम करणारा हाच एक दिसला, म्हणून दिलं.” लोक आणखी हसले. अभिमन हसला नाही. तो महिनाभर गप्प बसला आणि आज सकाळी सामाईक शेतातल्या विहिरीत सापडलेला हा दगड पिकअपमध्ये घालून थेट दारात उभा राहिला. लहान डांगराएवढा अकीक होता, सहज दहा-अकरा किलोचा. सामाईक जमिनीतला दगड ज्याच्याकडे चाक आहे त्यानेच कापायचा, ही घरची रीत. दगड कापू शकला नाही तर चाकही त्याचं नाही, हेदेखील त्यातच आलं.

“बांधतो,” रतिलाल म्हणाला. “दगड राहू दे इथं. उद्या या.”

“उद्या कामून? आजच बांध, आजच काप. मन्हा डोयासमोर.”

“गोंद वाळायला एक रात्र लागते. बापाने शिकवलं ते विसरलास का?”

दगडावर कापाची रेघ ओढायची नाही, दोरा बांधायचा, ही त्यांच्या घराची पद्धत. सुताचा दोरा गेरू आणि गोंदात भिजवायचा, दगडाभोवती ताणून गाठ मारायची, रात्रभर वाळू द्यायचा. सकाळी दोऱ्यावर चकती धरायची. रेघ तेलाने पुसली जाते, दोरा जात नाही. रतिलालच्या दृष्टीने दोऱ्याचा मोठा गुण आता असा झाला होता, की तो बोटांना लागतो. संध्याकाळी तो अंगठ्याने दगड चाचपायचा, जीभ लावायचा, दोरा बांधायचा. सकाळी चाचपून शिकंज्यात धरायचा. आणि दोन वर्षांत एखाददुसरा सोडला तर दगड उघडले ते असे, की गिऱ्हाईक घेऊन येणारे दलाल म्हणायचे, रतिलालभाऊ, तुमचा हात वयाबरोबर सुधारतोय. त्यालाही ते पटलं होतं. डोळे गेले ते बोटांत उतरले, असं तो मनात म्हणायचा आणि खूश असायचा.

“रात्र कशाला लागते?” ललितने खिशातून एक नळी काढली. “हे लावा. पाच मिनिटांत दगडासारखं वाळतं.”

शेडच्या मागच्या कोपऱ्यात नूतन कापलेल्या दगडांच्या चकत्या घासत बसली होती. तिचा हात थांबला. घासणं बाईचं, कापणं पुरुषाचं, हीसुद्धा घरची रीत. तिला चाकाच्या स्टुलावर बसायची परवानगी नव्हती, झाडून घ्यायची होती.

“आबा, आधी जेवून घ्या सगळे,” ती म्हणाली. “शेवभाजी झालीच आहे. मग बघा दगडाचं.”

“तुले कोणी विचारं?” अभिमन म्हणाला.

“तू घास तिथं,” रतिलालही म्हणाला. भावाभावांचं एवढं एकमत अकरा वर्षांत झालं नव्हतं.

त्याने दोरा मागितला. नूतनने तो भिजवून दिला. देताना तिने दगड त्याच्या मांडीवर किंचित फिरवला, तसा ललित लगेच म्हणाला, “ताई, हात नको लावू.” तिने हात काढून घेतला.

रतिलाल चाचपू लागला. साल खरखरीत होती, वरच्या अंगाला थोडी उंच, एका ठिकाणी चिकट मातीचा थर. विहिरीतली काळी माती असणारच. त्याचा अंगठा त्यावरून पुढे गेला. लांबट बाजू कुठली हे त्याला कळलं, निदान कळलं असं वाटलं. नेहमी घाई नसायची. आज समोर दोन माणसं श्वास रोखून उभी होती, आणि त्यातल्या एकाचा श्वास त्याला लहानपणापासून ओळखीचा होता. एका गोधडीत झोपलेले होते दोघं. त्याने दोरा ताणला, वळसा दिला, गाठ मारली. गाठ जाड झाली. ललितने त्यावर नळीतला गोंद लावला.

मग कोणीच काही बोललं नाही.

पन्नास वर्षं या शेडमध्ये काढलेल्या माणसाला शांततेचे प्रकार कळतात. दगड छान असला की लोक गप्प होतात ती एक. ही ती नव्हती.

ललितने कोपऱ्यातला मग उचलला आणि दगडावर पाणी ओतलं. काळी माती ओघळून रतिलालच्या धोतरावर आली. मातीखाली कुदळीने खपली उडवलेली होती, तळहाताएवढी. धुण्याआधी हिरवट सालीवर तो काळ्या मातीचा थर लांबूनही दिसत होता. डोळे असलेल्या कोणत्याही माणसाने आधी तिथे नख घालून माती काढली असती. आता त्या खपलीतून धुरकट आणि पांढरे पट्टे दिसत होते, एकाआड एक, आणि दगड कुठल्या अंगाने उघडायला हवा ते शेंबड्या पोरालाही सांगत होते. रतिलालचा दोरा तिथून चार बोटं बाजूला, दगडाच्या कडेकडेने गेला होता. तसा कापला असता तर दगडाची नुसती टोपी निघाली असती.

“भाऊ,” अभिमन म्हणाला. आवाज एकदम मऊ झाला होता. एवढा मऊ आवाज रतिलालने त्याच्या तोंडून बापाच्या तेराव्यालाही ऐकला नव्हता. “भाऊ, खरं सांग. तुले...”

“शरम वाटत नाही का हो आबा तुम्हाला?”

नूतन होती. हातातला दगड तिने पाण्याच्या घमेल्यात असा टाकला की पाणी सगळ्यांच्या पायावर उडालं.

“काय?” रतिलाल म्हणाला.

“काय काय? सख्ख्या भावाला टोपी घालता? काका, बघताय काय नुसते? राहिला तो कापणाऱ्याचा, पडला तो वाटेकऱ्याचा, हाच नियम आहे ना तुमचा? मग बघा ना दोरा कुठे बांधलाय. पट्टे सगळे शिकंज्यात राहणार, ते ह्यांचे. तुमच्या पदरात काय पडणार? साल! सालपट घेऊन जा शिरपूरला, भाजी करून खा!”

नियम होता खरा. शिकंज्यात राहिलेला भाग कापणाऱ्याचा, चकतीखालून सुटून पडलेला भाग वाटेकऱ्याचा. म्हणून तर लाजेकाजेस्तव दोरा मधोमध बांधतात. वाटेकऱ्याला साल देणारा माणूस म्हणजे देवळातली घंटा चोरणारा, असं हेमराजबाबा म्हणायचे.

रतिलाल उठला. दगड मांडीवरून घरंगळून पोत्यावर पडला. “मी?” तो म्हणाला. “मी चोर? नूतन, तोंड सांभाळ. पन्नास वर्षांत कोणाच्या खड्याला... तू माझ्या घरात खाऊन, माझ्याच...” त्याने हात उगारला. तो नेमका कुठे मारायचा हे दिसत नव्हतं, म्हणून तसाच वर राहिला.

“मारा ना. मुद्दाम बांधलाय तुम्ही. मी बघते ना रोज. माती तशीच ठेवली, म्हणजे काकांना खालचं दिसू नये.”

आणि मग अभिमन फुटला. अकरा वर्षांचं साठलेलं होतं. बांधावरच्या लिंबाच्या झाडापासून त्याने सुरुवात केली, आईच्या पाटल्यांवर आला, तिथून विहिरीच्या मोटरीवर.

“म्हनीसन! म्हनीसन चाक सोडत नही हाऊ! मी लोकेसले सांगी सांगी थकनू, मन्हा भाऊ सरळ नही शे, तं लोके मालेच खोटा ठरवतस! आते त्यानी आंडेरच, पोटनी पोरच सांगी ऱ्हायनी!”

“बाबा, एक मिनिट,” ललित म्हणाला. तो पोरगा हुशार होता. “मला नाही वाटत हे मुद्दाम आहे. मला वाटतं, मोठे आबांना ती खपली दिसलीच...”

“दिसली नही?” अभिमन त्याच्यावर उलटला. “चार बोट! बरोबर चार बोट सरकाडा दोरा, बठ्ठा माल स्वतःकडे अन् साल माले. इतला बारीक डाव आंधया माणूस करस का रे? अक्कल शे का तुले?”

माणसाला जे ऐकायचं असतं ते पटायला वेळ लागत नाही. भाऊ आंधळा निघाला असता तर अभिमनला चाक मिळालं असतं. भाऊ चोर निघाला, तर अकरा वर्षं तो स्वतः खरा होता हे मिळत होतं. दोन्हीत गोड काय, हे त्याच्या आवाजावरून कळत होतं.

रतिलालचा वर गेलेला हात हळूहळू खाली आला. भावाच्या आरडाओरडीत त्याला एक गोष्ट ऐकू आली, म्हणजे ऐकू आली नाही. डोळे हा शब्द आता कोणीच बोलत नव्हतं.

त्याने मान तिरपी केली. नूतन डागाच्या कडेला उभी होती. तिची बोटं दिसत होती, ओली, पदराला गच्च धरलेली.

“भाऊ,” अभिमन समोर येऊन उभा राहिला. “आते मन्हाकडे देख अन् सांग. मुद्दामच करं ना तू हाई?”

रतिलालने समोर बघितलं. भावाच्या चेहऱ्याच्या जागी मळकट डाग होता.

आजवर तो बाजारात ताठ चालला होता तो एका गोष्टीच्या जोरावर. कोणाला चुकीचा दगड दिला नव्हता, काचेला अकीक म्हटलं नव्हतं, वाटेकऱ्याला साल दिली नव्हती. बायको गेली तेव्हा शोकसभेत लोक तिच्याबद्दल कमी आणि त्याच्या इमानाबद्दल जास्त बोलले होते. त्याला तेव्हा वाईट वाटलं होतं आणि बरंही वाटलं होतं.

“हा,” तो म्हणाला.

“काय हा?”

“मुद्दाम बांधला. झालं समाधान?”

अभिमनला एवढी घाई अपेक्षित नव्हती. तो क्षणभर गांगरला. मग म्हणाला, “आते सोड तो दोरा. नवा बांध. मधोमध.”

म्हणजे रतिलालला पुन्हा तेच करायचं होतं. एका खड्ड्यातून निघून त्याच खड्ड्यात पाय. पण नूतनने तोवर दोरा भिजवूनही घेतला होता.

“परत ह्यांच्या हातात देता का, काका? एकदा फसलात ते पुरलं नाही? मी बांधते.”

“कापण्याच्या कामात बाई...” ललितने सुरुवात केली.

“बांधू दे तिले,” अभिमन म्हणाला. “ह्या घरमा एक तरी इमानदार शे.”

ती खाली बसली. जुना दोरा तिने कात्रीने तोडला. रतिलाल वर बघत उभा होता, कारण खाली बघून उपयोग नव्हता. त्याला ऐकू येत होतं. ओल्या दोऱ्याचा दगडावरून सरकल्याचा आवाज, मग ताण, मग गाठ. ती कुठेच थांबली नाही. पहिल्यांदा दोरा बांधणारा माणूस तीनदा थांबतो, एकदा सोडून पुन्हा बांधतो. ललितसारख्या हुशार पोरालाही चार महिने लागले असते. ही चकत्या घासणारी बाई, आणि तिचा हात वळसा घेऊन परत आला तो सवयीने आला.

नळीतला गोंद वाळल्यावर अभिमन म्हणाला, “आते काप तू. मी उभा शे.”

रतिलालने दगड शिकंज्यात धरला आणि दोऱ्यावर अंगठा फिरवला. गाठ हाताला लागली. ती चपटी होती. मघाशी त्याने स्वतः मारलेली गाठ जाड होती, अंगठ्याखाली अजून तिची आठवण होती. ही चपटी गाठ मात्र त्याच्या ओळखीची होती. दोन वर्षं दर सकाळी शिकंज्यात दगड धरताना त्याच्या अंगठ्याला हीच गाठ लागत आली होती. तो समजायचा, रात्री गोंद वाळताना बसते.

मोटर चालू करायला त्याला थोडा उशीर झाला. अभिमनला वाटलं, चोराला पस्तावा झाला.

चकती पाऊण तास दगडात चालत होती. तेलाचा वास शेडभर झाला. मग आवाज बदलला आणि अर्धा दगड खालच्या पोत्यावर धपकन पडला. ललितने तो उचलून पुसला आणि त्याच्या तोंडून शिट्टी निघाली. बाहेरून धुरकट पट्टे, आत पांढरे, मग पिवळसर, आणि मधोमध मूठभर पोकळीत बारीक स्फटिक चमचमत होते. पोकळी बरोबर अर्धी इकडे, अर्धी तिकडे.

“पडला तो वाटेकऱ्याचा,” रतिलाल म्हणाला. “घेऊन जा.”

अभिमनने आपला अर्धा दगड पोत्यात गुंडाळला. तो छातीशी धरून तो दारापर्यंत गेला आणि वळला. “बठ्ठास्ले सांगसू. शिरपूर, शहादा, धुये, बठ्ठास्ले. मन्हा भाऊ चोर शे.”

“सांग.”

“बापनं नाव बुडाडं तू.”

“हा, बुडवलं.”

अभिमन गेला. पिकअपचं दार वाजलं. गाडी चालू झाली आणि खिडकीतून ललितशी बोलताना त्याचा आवाज शेडमध्ये आला. कुजबुज त्याला कधी जमलीच नव्हती. “चोर तं चोर. पन नजर देख त्यानी अजून. चार बोट! नजर तशीच शे रे, बापसारखी.”

गाडी गेली तरी रतिलाल दाराकडे तोंड करून उभा होता. धाकट्याने त्याला अकरा वर्षांत एक चांगला शब्द दिला नव्हता.

मग तो वळला आणि नूतनवर खेकसला. “बापाला चोर म्हणालीस.”

“मग काय म्हणू द्यायचं होतं त्यांना?”

तो चाकाच्या स्टुलावर बसला. ती जमिनीवरचं तेल पुसत होती. बरंच पुसलं.

“कधीपासून?” त्याने विचारलं.

“डॉक्टरकडून आलात त्या आठवड्यापासून. तुम्ही मीठ म्हणून साखर घेतलीत वरणात, आणि खाल्लंतही.”

“दोरे... सगळे बदलायचीस?”

“तुम्ही झोपायला गेलात की.”

“सगळे?”

“सगळे, आबा.”

बाहेर कोणी तरी बोरीच्या काट्यांना शिव्या देत गेलं. रतिलालने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते. बोटं पसरलेली होती. त्या बोटांचं त्याने दलालांपुढे किती कौतुक केलं होतं, ते आठवून त्याला आता तिथेच मरून जावंसं वाटलं.

“माझा एकही बरोबर नव्हता?”

ती पुसत राहिली.

“बोल ना. मघाशी तर तोंड फार चालत होतं.”

“एक होता,” नूतन म्हणाली.

“कुठला?”

“साक्रीचा दगड. दिवाळीआधी आलेला. तीन तुकडे झाले तो.”

त्या दगडावरून त्याने घर डोक्यावर घेतलं होतं. शिकंजा नीट पुसला नाहीस म्हणून तो सरकला, असं म्हणून ताट फेकलं होतं आणि दिवाळीचा पाडवा उलटेपर्यंत तिच्याशी बोलला नव्हता. ओवाळायला आली तेव्हा पाटावरही बसला नाही.

“तो तुम्ही बरोबर बांधला होता,” ती म्हणाली. “मला वाटलं, चुकलाय. मी बदलला. म्हणून फुटला.”

रतिलालने तिच्याकडे मान तिरपी केली. मग अजून थोडी. तिचा चेहरा काही केल्या डागाबाहेर येईना. कान दिसत होता, केसांची एक ओली बट दिसत होती. ती खरं बोलत होती की कसं, ते चेहऱ्यावर असणार, आणि तिथे तर काहीच दिसत नव्हतं.

“मला तेव्हाच वाटलं होतं,” तो शेवटी म्हणाला. “म्हटलं, माझा दोरा असा कसा जाईल.”

“नव्हताच गेला.”

“चांगला दगड होता. वाटोळं केलंस त्याचं.”

“हो.”

“आणि वर तोंड शिवून बसलीस सहा महिने.”

“चुकलं माझं.”

तो स्टुलावरून उठला. उठताना शिकंज्याला धरलं आणि मग तेही सोडलं. “बस इथं,” तो म्हणाला. “बांधता येतं म्हणजे सगळं येत नाही. कापायला कोण शिकवणार तुला, तुझा काका?”

नूतनने फडकं बाजूला ठेवलं, हात पदराला पुसले आणि स्टुलावर बसली. तो तिच्या मागे उभा राहिला आणि तिने शिकंज्याच्या दांड्याला हात लावायच्या आतच ओरडला, “असा नाही! अंगठा आत घे, अंगठा!”